बाईचं घोरणं

"झोपेत घोरता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," बेबीताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्या नवऱ्याकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी मान हलवली. "मले तं कधी आयकू नाही आलं, साहेब. पण मी एकदा पडलो की पडलो."

यवतमाळच्या या दवाखान्यात बेबीताईंची ही चौथी खेप. हृदय कमजोर झालं होतं. गोळ्या तीनदा बदलल्या, पायांवरची सूज उतरली, पण थकवा जात नव्हता. सकाळी डोकं जड असायचं, दुपारी भाजी निवडता निवडता डोळा लागायचा. डॉक्टर फाईल चाळून आणखी एक गोळी लिहायला लागले.

"घोरते," मागून आवाज आला. त्यांची सून निशिगंधा पिशवी धरून दाराशी उभी होती. "आई घोरते, साहेब. अन् घोरता घोरता श्वास थांबते त्यायचा."

बेबीताईंनी वळून पाहिलं. चारचौघांत कोणी पदराला हात घालावा तसं त्यांना झालं.

"खोटं बोलते ते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांचा पेन थांबला. "किती वेळ थांबतो?"

"मी मोजते न. वीस, पंचवीस. परवा बत्तीसपर्यंत गेलं. मंग एकदम दचकल्यासारखा श्वास घेते."

"कधीपासून मोजतेस?"

"दिवाळीपासून. आमच्या खोल्यायच्या मधात नुसती फळी हाय."

डॉक्टरांनी लिहिलेली गोळी खोडली. "हृदयाच्या पेशंटमध्ये हे होतं," ते म्हणाले. "पुरुष असला की पहिल्याच भेटीत त्याची बायको मला सगळं सांगते. बाईचं कोणी सांगत नाही. बाईसुद्धा सांगत नाही."

मंगळवारी एक रात्र इथं झोपायला यायचं होतं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा. मशीन रात्रभर श्वास मोजणार होतं.

"इथं झोपू? परक्या मानसायत?" बेबीताई उठल्या. "मी नाही येत."

मारेगावच्या एसटीत त्यांना खिडकी मिळाली. शेजारी निशिगंधा बसली, पुढच्या सीटवर पुंडलिकराव. बेबीताईंनी पदर तोंडावरून घट्ट घेतला, सोडला, पुन्हा घेतला. चपला काढून पाय वर घेतले, परत खाली सोडले. पापण्या मिटायला लागल्या की त्या कपाळ खिडकीच्या गजाला लावायच्या. त्यांच्या मनगटावर लाल खुणा उठल्या होत्या. त्या स्वतःलाच चिमटे काढत होत्या.

"झोपा न आई थोडंसं," निशिगंधा म्हणाली.

"एसटीत?" बेबीताई बाहेर बघतच बोलल्या. "भाचीच्या लग्नात झोपलती मी. साऱ्या बाया उठून बसल्या होत्या. आजूक नकला करतेत माह्या. तवापासून घरातले सारे झोपल्याबिगर मी डोळा नाही मिटत. अन् तू आज पुरुषमानसायसमोर सांगतलं."

निशिगंधा पिशवीचा बंद पिळत राहिली.

"मले भेव लागते, आई. तुमचा आवाज बंद झाला की मी उठून बसते. हाक मारू का नाही, समजत नाही. तुम्ही परत घोरल्या की मंग पडते."

दोन गावं गेली.

"रोज?" बेबीताईंनी विचारलं.

"रोज."

करंजी मागे पडली तशी बेबीताईंची मान कलली आणि सुनेच्या खांद्यावर टेकली. तोंड उघडलं. घोरणं आधी बारीक होतं, मग साऱ्या एसटीला ऐकू जाईल एवढं झालं. मागच्या सीटवरचा माणूस हसला. दोघीतिघी वळून बघायला लागल्या. पुंडलिकरावांनी मान मागे वळवली.

"उठव तिले. लोकं पाहून राह्यले."

निशिगंधा हलली नाही.

मग घोरणं थांबलं.

"झालं बंद," पुंडलिकराव म्हणाले आणि पुढे वळायला लागले.

"श्वास बंद झाला, बाबाजी. मोजा."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. छाती हलत नव्हती. नाकाजवळ आलेली पदराची कड हलत नव्हती. "नऊ," निशिगंधा हळू म्हणाली. "दहा." पुंडलिकराव सीटची पाठ धरून उभे राहिले. चौदाला त्यांचेही ओठ हलायला लागले. अठरा. एकोणीस. एसटी खड्ड्यातून गेली, बेबीताईंचं डोकं हिंदकळलं, श्वास आला नाही.

"बेबी," ते म्हणाले. लोकांसमोर त्यांनी बायकोला कधी नावानं हाक मारली नव्हती.

सव्वीसला बेबीताईंनी पाण्याबाहेर डोकं निघालेल्या माणसासारखा श्वास ओढला. डोळे उघडले नाहीत. घोरणं पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठं. मागचा माणूस आता मोकळेपणानं हसला. कंडक्टर जवळ आला.

"काका, मावशीले उठवा न. लोकायले तरास होते."

पुंडलिकराव अजून उभेच होते. सीटच्या दांडीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"नाही," ते म्हणाले. "घोरू दे तिले."