आधी जेव

"मासळी खायची का उडपी?" रूपानं विचारलं. "का चायनीज? बा, तू चायनीज खाल्लंयस का कधी?"

दादरच्या फुटपाथवर नवसू लेकीच्या तोंडाकडं न बघता उभा होता. "कुटं बी चल. पर लवकर जेव."

"लवकर काय लवकर. पयल्यांदा आलास मुंबैला. आय न्हाई तर न्हाई, धाकल्या तुषारला तरी आनायचास. त्याला समुद्र दावला असता." ती चालता चालता मागं वळून बोलत होती. "अन् मॅडम आज लय चांगली वागली. म्हनली, बाबांना फिरव, संध्याकाळी नाही आलीस तरी चालेल. दोन वर्सांत असं कदी बोलली न्हाई बाई."

मॅडमला ठाऊक होतं. काल दुपारी मळवलीच्या बंगल्यात पोहायची टाकी घासताना हिराला, रूपाच्या आईला, मोटरचा करंट लागला, तेव्हा पहिला फोन मॅडमलाच गेला होता. बंगला मॅडमचा, आणि रूपा कामाला होती तीही मॅडमच्याच घरी. आईनं तिथली टाकी घासायची, लेकीनं इथली भांडी. मोटरची वायर उघडी पडलीय हे हिरानं तीनदा सांगितलं होतं. तीनदा उत्तर मिळालं होतं, शनिवारी आलो की बघू. आता मॅडमचा निरोप होता की पोरीला आम्ही काही बोललो नाही, तुमचं तुम्हीच सांगा. मेल्याची बातमी द्यायलाही ह्या लोकांना गडीमाणूस लागतो.

पुलाखाली वाडीतला विक्की जीप घेऊन थांबला होता. तिकडं कार्ल्याच्या वरच्या अंगाला, वाडीत, घराच्या अंगणात हिरा चादरीखाली होती. अंधार पडायच्या आत माती द्यायची तर दोनला निघायलाच हवं होतं. सव्वा वाजला होता.

पण उपाशी माणसाला अशी बातमी सांगायची नसते. वाडीत कुणी गेलं की निरोप घेऊन जाणारा समोरच्याला आधी जेवू घालतो, मगच तोंड उघडतो. एकदा कानावर पडलं की माती होईस्तोवर अन्न गोड लागत नाही, घरात चूल पेटत नाही. पोरीच्या पोटात चार घास गेलेच पाहिजेत. नवसूच्या हातात एवढंच उरलं होतं.

उडप्याच्या दारात रांग होती. एक माणूस वहीत नावं लिहून घेत होता. "अर्धा तास," म्हणाला. पुढच्या हॉटेलाला काचेचं दार होतं. दारावरच्या गणवेशवाल्यानं नवसूच्या पायांकडं पाहिलं, फक्त पाहिलं, आणि नवसू आपणहून दोन पावलं मागं सरला.

"चल की, मी बोलते त्याच्याशी," रूपा म्हणाली.

"नगं. दुसरं बघ."

कोपऱ्यावर मालवणी खानावळ होती. तळलेल्या बांगड्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. रूपा हसली. "हितंच. ह्याच्यापुढं काय न्हाई."

"मासळी नगं."

"का रं?"

"आज नगं."

"बुधवार हाय, बा. खेकड्यांपायी रातरात वढ्यात बसणारा मानूस तू. माळ घातलीस का काय?"

नवसूनं खानावळीकडं पाठ केली. त्याचा फोन वाजला. विक्कीचा आवाज एवढा मोठा, की रूपालाही ऐकू गेला असता. म्हणून त्यानं फोन कानावर दाबून धरला. "नवसूभाऊ, निगा आता. वाडीवरनं फोनावर फोन येत्यात."

"जेवायची हाय पोरगी अजून," नवसू हळू म्हणाला. "जेवू दे तिला."

फोन खिशात घालून त्यानं वर पाहिलं. रूपा त्याच्याकडं बघत होती. हसू अजून तोंडावर होतं, पण ते पुसायचं राहून गेल्यासारखं.

तिनं पुढं एकही हॉटेल दाखवलं नाही. खानावळीच्या शेजारी एक कळकट जागा होती, बाहेर पाटीवर खडूनं राईस प्लेट लिहिलेलं. ती सरळ आत शिरली आणि पहिल्याच टेबलाशी बसली.

"एक राईस प्लेट," तिनं वेटरला सांगितलं. "एकच."

बापाला तिनं विचारलंच नाही.

ताट आलं. तिनं चपात्या संपवल्या, बटाट्याची भाजी संपवली. मग आमटी भातावर ओतली आणि पोत्यात भात भरावा तसे घास आत ढकलत राहिली. मध्येच पाणी प्यायली, पुन्हा हात ताटात घातला. कारल्याची भाजी तिनं जन्मात खाल्ली नव्हती, तीही खाल्ली.

"सावकाश," नवसू म्हणाला.

"असू दे."

"नगं वाटलं तर ठेव."

"न्हाई. संपवते."

दोन वाजायला पाच मिनिटं होती. ताटात शीत उरलं नाही. रूपा उठली, बेसिनपाशी गेली आणि नळाखाली बराच वेळ हात धरून उभी राहिली. परत आली तेव्हा तोंडही ओलं होतं. खुर्ची पुढं ओढून ती बसली.

"जेवले मी, बा," ती म्हणाली. "आता सांग. आय का तुषार?"

वाटेत तीन तास घोकलेलं वाक्य बोलायला नवसू टेबलावर कोपरं टेकून पुढं वाकला. तीही तशीच वाकली.

वेटर आला. त्यानं रिकामं ताट उचललं, खांद्यावरचं फडकं टेबलावर आपटलं.

"कोपरं वर घ्या," तो म्हणाला.

दोघांनीही लगेच घेतली.