एकवीस पिल्लं

चहाची गाळणी काचेच्या टाकीत फिरवून चंद्रभागाबाईंनी शेवटचं मेलेलं पिल्लू बाहेर काढलं. मोहरीएवढी लाल गोगलगाय. अशी एकवीस मेली होती, आणि दुपारच्या एसटीने पुंडलिकराव दवाखान्यातून घरी यायचे होते.

ग्रामसेवकाच्या नोकरीतून सुटल्यावर पुंडलिकरावांना हा नाद लागला. कारधा गावात लोक हसायचे. गावच्या तळ्यात, बोडीत फुकट मिळतात त्या गोगलगाई या शहाण्याने नागपूरहून विकत आणल्या! मग महिन्यापूर्वी ते अंगणात कोसळले. त्याच आठवड्यात काचेवरच्या अंड्यांतून पिल्लं निघाली. अंडी घालणाऱ्या मोठ्या दोन्ही आधीच मेल्या होत्या.

"पालक उकडून दे," त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवरून बजावलं होतं. "अंड्याची टरफलं कुटून टाकत जा, शंख मजबूत होते. ते पिल्लं पाहाले मले घरी यायचं हाय."

पालकाचं ठीक होतं. पण चंद्रभागाबाईंच्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. त्यांनी आपलं डोकं चालवलं. टरफलात तरी काय, चुनाच ना? तो पानाच्या डब्यात होताच. बोटभर चुना त्यांनी पाण्यात कालवला. सकाळी सगळा कारभार आटोपलेला.

मनाला धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. टाकी धुऊन, नवं पाणी भरून त्या शेजारच्या शकुनबाईला घेऊन बोडीवर गेल्या. पाण्यातल्या वेली झटकून दोघींनी मोजून एकवीस पिल्लं जमवली.

"वहिनी, हे तं काळे हायेत," शकुनबाई म्हणाली. "भाऊजी पाह्यताच ओळखतीन."

"मोठे झाले का रंग येते, असं सांगीन."

पुतण्या तेजरामच्या दंडाला धरून पुंडलिकराव आले. पार वाळले होते. चहासुद्धा नको म्हणाले.

"मले टाकीपाशी बसव."

काचेवर हात ठेवून ते बराच वेळ बसले. चंद्रभागाबाई दारातच उभ्या राहिल्या.

"किती हायेत?"

"एकवीस."

"मोजून सांग."

त्यांनी मोजलं.

"लाल रंग काय मस्त उतरला, नाही?" पुंडलिकराव म्हणाले.

चंद्रभागाबाईंनी टाकीकडे पाहिलं. पिल्लं कोळशासारखी काळी. रंगाबद्दल सांगायचं ठरवलेलं त्यांच्या तोंडातच राहिलं. यांनी ओळखलं, त्यांना वाटलं. ओळखलं आणि आपल्याला सांभाळून घेत आहेत. याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग रोज तेच. सकाळी पुंडलिकराव टाकीपाशी बसायचे आणि लाल रंगाचं कौतुक करायचे. पेपर तेजराम वाचून दाखवायचा. अक्षरांनी डोकं दुखतं, असं पुंडलिकराव म्हणत. चंद्रभागाबाई पालक उकडून बारीक करायच्या. तेजरामने वरठी स्टेशनवरच्या आम्लेटच्या गाडीवरून टरफलं आणली, तीही त्यांनी नाकाला पदर लावून कुटली. पिल्लं वाटाण्याएवढी झाली आणि आणखीच काळी दिसायला लागली.

बाईंना घास गोड लागेना. एका जागी बसवेना. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. आता त्यांच्यापायी रोज बोलत होता.

पंधराव्या दिवशी सकाळी पुंडलिकराव म्हणाले, "आज तं कुंकवासारखे लाल दिसून राहिले."

चंद्रभागाबाईंनी टाकीत हात घातला, एक गोगलगाय उचलली आणि त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"बस झालं. मले एकदाचं बोलून टाका. तुमचे पिल्लं मीच मारले. चुना टाकला पाण्यात. हे बोडीतले हायेत. तुमाले पहिल्या दिवशीच समजलं, तरी रोज लाल लाल म्हणता. काहून म्हणता? माझ्या जिवाले लागते न." त्या रडत होत्या. गोगलगाय त्यांनी पुंडलिकरावांच्या नाकापासून चार बोटांवर धरली. "हे पाहा. काळीकुट्ट हाय."

पुंडलिकरावांचं तोंड टाकीकडेच होतं.

"पाहा म्हटलं न, अवो."

"कुठं धरली?" त्यांनी हवेत हात चाचपत विचारलं.