पंख मोडलेली मैना

निलंग्याची लुंबिनी कर्नाटकातल्या घाटात, गावकऱ्यांनी चालवलेल्या वननिवासात राहून पक्ष्यांचा अभ्यास करायची. फोन ठेवताना "जाते गं माय" म्हणाली की पार्वतीबाई लेकीवर डाफरायची, "जाते न्हाई, येते म्हणावं!" लुंबिनी खळखळून हसायची आणि मायच्याच ठसक्यात तिची नक्कल करायची.

यंदा जंगलात दरड कोसळली, त्यात लुंबिनी गेली.

पार्वतीबाई तिचं सामान न्यायला आली. ओसरीत लेकीनं जीव लावून जगवलेली, पंख मोडलेली मैना गप बसली होती. पार्वतीबाईनं बॅग उचलली, लेकीच्या रिकाम्या खोलीकडं बघितलं अन् पुटपुटली, "जाते गं लुंबे."

पाठीमागून मैना डाफरली, थेट लुंबिनीच्या आवाजात,

"जाते न्हाई, येते म्हणावं!"