रावसाहेबांची आंघोळ

रावसाहेब पेटीत उताणे पडले होते. मान मागे वळलेली, तोंड अर्धवट उघडं आणि अंगभर बारीक थरथर.

रावसाहेब म्हणजे दिगंबरने पाळलेला अजगर. अजून तरणाच, पण पुरुषभर लांब. कलकत्त्याला बदली झाली की माणसं मिठाया चाखतात, नाटकं बघतात. दिगंबरने हातीबागानच्या बाजारातून हा जीव उचलून आणला आणि बागबाजारच्या बिऱ्हाडात, व्हरांड्यातल्या लाकडी पेटीत ठेवला. हौस एकेकाची, दुसरं काय.

त्याच्या बायकोने, वृंदाने, लग्न झाल्यापासून त्या पेटीला बोट लावलं नव्हतं. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तिने नवऱ्याला एकदाच, आवाज न चढवता सांगितलं होतं की बाळंतपणाला मी सांगलीला जाईन, पण हा घरात असेल तर बाळाला घेऊन परत यायची नाही. दिगंबर ताटावरून अर्धपोटी उठला, इतकंच.

त्यातच रावसाहेबांना किडे झाले. मोहरीपेक्षा बारीक, काळे, खवल्यांच्या फटीत आणि डोळ्यांच्या कडेला वळवळणारे. रावसाहेब दिवसभर पाण्याच्या परातीत बसून राहू लागले. दिगंबर कचेरीतून आला की त्यांना कोमट पाण्याने न्हाऊ घाली, पेटी उकळत्या पाण्याने घासून वाळवी, भुशाऐवजी कागद अंथरी, डोळ्यांभोवती बोटाने तेल लावी.

जेवतानाही तोच विषय. ढेकणांची डीडीटी पावडर सापाला कधी लावायची नाही, म्हणायचा. ओळखीच्या एकाने लावली आणि त्याची धामण हकनाक गेली. आधी अंग थरथरतं, मग मान मागे जाते, मग उताणा केलेला साप पालथा होत नाही. तेवढ्यात पावडर धुऊन काढली आणि मोकळी हवा मिळाली तर निभावतं, नाहीतर संपलं. वृंदा मुकाट्याने आमटी वाढायची. नको म्हटलं तरी कानावर पडायचंच.

काल सकाळी तो आसनसोलला दौऱ्यावर गेला होता. निघताना वळून म्हणाला, "मी येईपर्यंत पेटीला हात लावू नकोस. झाकणसुद्धा उघडू नकोस."

आज पेटीत धडपड ऐकू आली म्हणून तिने झाकण उचललं. आत तिच्या ओळखीचा वास होता आणि कागदाच्या घड्यांत पांढरी भुकटी.

वृंदाने मागे वळून खाटेकडे पाहिलं. काल दुपारीच तिने खाटेखाली ढेकणांसाठी पावडर मारली होती. खाट व्हरांड्याच्या दाराशी, खिडक्या सताड उघड्या, गंगेवरून भणाणता वारा. पेटीच्या झरोक्यांतून गेली असणार.

खालच्या मजल्यावरच्या लीनादी आवाजाने वर आल्या. त्यांनी दारातूनच डोकावून पाहिलं आणि वृंदाला समजावलं की तुझी पीडा आपल्या पायांनी चाललीय, तू झाकण लाव आणि खाली चहाला ये. त्यात खोटं काहीच नव्हतं. झाकण लावलं की संपत होतं सगळं. सांगलीहून परत यायची वाटही मोकळी होत होती.

पण दिगंबरला काय सांगायचं? वारा होता म्हणून? तो भांडला नसता. भांडणारा नवरा परवडला. हा नुसतं "असू दे" म्हणाला असता आणि जन्मभर मनात धरून बसला असता की हिनेच मारला. त्या संशयाबरोबर संसार करण्यापेक्षा तिला अजगर बरा वाटला.

तिने पदर खोचला आणि दोन्ही हात पेटीत घातले. रावसाहेब थंड, कोरडे आणि भरल्या पोत्यासारखे जड होते. शिसारी आली, पण हात सुटला नाही. घंगाळात कोमट पाणी घेऊन, त्यांचं डोकं पाण्याबाहेर धरून ती धूत राहिली. पाणी ओतायचं, नवं घ्यायचं. ओल्या फडक्याने तोंड पुसलं, डोळ्यांच्या कडा पुसल्या. पेटी उचलून गच्चीवर नेऊन टाकली. मग झाकणाच्या मोठ्या वेताच्या टोपलीत जुनं धोतर अंथरून रावसाहेबांना ठेवलं आणि टोपली वाऱ्याशी सरकवली. लीनादी कपाळाला हात लावून निघून गेल्या.

दुपारी तिने त्यांना उताणं करून पाहिलं. पालथे झाले नाहीत. दिवेलागणीला पुन्हा करून पाहिलं. जरा वेळ तसेच पडून राहिले, मग अंगाला पीळ देत सावकाश वळले. वृंदा तिथेच फरशीवर बसून रडली. ज्याच्यावर इतकी वर्षं राग केला, त्याच्यासाठी आपण रडतोय याचं तिला हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी दिगंबर आला. बूट न काढता खुर्चीत बसला. तिची तब्येत विचारली, रावसाहेबांचं नाव काढलं नाही. वृंदानेच सगळं सांगितलं. ढेकूण, वारा, घंगाळ.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "पण वाचला तो. राहू दे आता त्याला. मी येईन परत."

दिगंबर उठला. टोपलीचं झाकण त्याने हळूच सरकवलं. रावसाहेबांनी मान उचलली, जीभ बाहेर काढली. तो तिथेच उकिडवा बसून राहिला, पण हात पुढे केला नाही.

"खाटेखालची पावडर इतकी उडत नसते, वृंदा," तो म्हणाला. "निघताना मूठ भरून मीच टाकून गेलो होतो."