पाहुण्यांसाठी पनीर

नवापूरजवळच्या पाड्यावर निर्मलानं नाताळासाठी डुकराच्या पायांचं लोणचं घातलं होतं. पाय भाजून खरवडायचे, हाड सुटेपर्यंत शिजवायचे, मग लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगरमध्ये मुरवायचे. तिच्या हातचं हे लोणचं सगळा पाडा मागून नेत असे.

त्याच आठवड्यात, मुलाला पसंत असलेल्या योगिताचे आईवडील घर बघायला यायचे ठरले.

"आई, ती नंदुरबारची नोकरदार माणसं आहेत. बरणी कणगीमागे ठेव," स्टीफन म्हणाला. "वास आला तर उठून जातील."

"आजवर तरी या लोणच्यावरून कुणी लवकर उठलेलं नाही," निर्मला पुटपुटली. पण लग्न मोडायला नको म्हणून तिनं बरणी लपवली आणि बाजारातून पनीर आणून भाजी केली.

पाहुण्यांनी ती संकोचानं थोडीशी खाल्ली. "छान झालीय हो," म्हणत योगिताच्या आईनं, मोगराबाईंनी, हात धुतले. "कळवतो," एवढंच बोलून दोघं निघाली.

परतीच्या जीपमध्ये योगिताच्या वडिलांनी विचारलं, "अगं, तू घरून आणलेलं डुकराच्या पायांचं लोणचं दिलंस ना त्यांना?"

 

"कसं देऊ?" मांडीवरची पिशवी घट्ट धरत मोगराबाई म्हणाल्या. "पनीर खाणारी माणसं ती! आपल्या पोरीनं काय जन्मभर चोरून खायचं? उद्याच नकार कळवून टाका."