ठिपक्या दुबईला निघतो

“आणि ठिपक्या उडी मारून थेट कंटेनरमध्ये शिरला,” नंदकिशोर आजोबांनी वाचलं.

म्हणजे वाचल्यासारखं केलं. हातातल्या पुस्तकात कंटेनर नव्हताच. डोंगरातल्या वाडीवरचा एक मुलगा आणि त्याचा कुत्रा ठिपक्या, एवढीच ती कादंबरी. ती संपायला एकच प्रकरण उरलं होतं आणि त्या प्रकरणात ठिपक्या मरत होता.

“कुठला कंटेनर?” शिवतेजने विचारलं.

“न्हावा शेवा बंदरातला. दुबईला निघालेला.”

“आणि कस्टमवाल्यांनी सोडलं? माझे पप्पा तिथेच असतात. ते मांजरपण सोडत नाहीत.”

“तुझे पप्पा त्या दिवशी रजेवर होते,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी ऐटीत पान उलटलं.

सतरंजीवर हशा पिकला. भिंतीला टेकून बसलेली अक्षता तेवढी हसली नाही. आजोबांनी चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं आणि ठिपक्याला घाईघाईने जहाजावर चढवलं.

सीवूड्सच्या या सोसायटीत दर रविवारी संध्याकाळी ऑफिसशेजारच्या खोलीत मुलांना पुस्तक वाचून दाखवायचं, ही कल्पना आजोबांच्या बायकोची, वैशालीताईंची. कुत्र्याचं भुंकणं, म्हातारीचा खोकला, सगळं त्या आवाजासकट वाचायच्या. हे पुस्तकही त्यांनीच निवडलेलं. ते निम्मं झालं आणि त्या आजारी पडल्या. त्या गेल्यावर आजोबा खुणेच्या पानापासून पुढे वाचू लागले. हाती घेतलेलं पुस्तक अर्धवट सोडायचं नाही, असं त्यांनी जन्मभर वर्गात सांगितलं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण शेवटच्या प्रकरणाशी आले आणि नेमका त्याच आठवड्यात अक्षताचा बिस्किट गेला. बिस्किट म्हणजे तिचा म्हातारा कुत्रा, लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाची चप्पल हुंगून मगच त्याला आत घेणारा. आता या पोरीसमोर ठिपक्याला मारायचं कसं?

आजोबा इतिहासाचे शिक्षक. पानिपत शिकवताना ते कधी अडखळले नव्हते. पण हे प्रकरण त्यांनी घरी मोठ्याने वाचून पाहिलं, तेव्हा ‘सकाळी उठून त्याने सवयीने ठिपक्याची ताटली मांडली’ या वाक्याशी त्यांचा आवाजच बसला. सर्दी असावी, असं त्यांनी ठरवलं. अक्षतासाठी म्हणून त्यांनी मरण पुढे ढकललं आणि त्या रविवारपासून ठिपक्याला नवी मुंबईत मोकळं सोडलं.

ठिपक्या मॉलच्या सरकत्या जिन्यावर उलटा चढला. दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जाऊन त्याने एका कोळिणीचे वाळत घातलेले बोंबील राखले आणि राखणीचा मोबदला म्हणून त्यातलेच खाल्ले. सगळ्या धावपळीत त्याचं पुस्तकातलं लंगडणं पुढच्या पायातून मागच्या पायात गेलं.

“आजोबा, पाय बदलला,” क्षिप्रा म्हणाली होती.

“दुखणं सरकलं गं त्याचं.”

क्षिप्रा आणखी काही विचारणार होती. पण यशराजने तिला कोपराने ढोसलं आणि ती गप्प बसली. आजोबांना हायसं वाटलं. मुलं भोळी असतात, हे किती बरं, असं त्यांच्या मनात आलं.

आज मात्र पंचाईत झाली. जहाज बंदरातून सुटलं, खलाशांनी ठिपक्याला डाळभात घातला, आणि पुढे काही सुचेना. दुबईत कुत्रे काय करतात, हे आजोबांना ठाऊक नव्हतं. ते खाकरले. पाणी प्यायले. पुन्हा खाकरले.

अक्षता उठली आणि त्यांच्या खुर्चीजवळ येऊन बसली.

“दमलात का आजोबा?”

“छे गं. ठिपक्या दमलाय.”

“मग त्याला घरी आणू या.”

आजोबा उगाच चष्मा पुसू लागले. “अगं, पण घरी...”

“माहितीय मला. घरी तो मरतो.”

खोलीत कुणीही दचकलं नाही. आजोबाच तेवढे दचकले.

“तुला कुणी सांगितलं?”

“आमच्या शाळेच्या लायब्ररीत आहे हे पुस्तक. बिस्किट गेला ना, तेव्हाच मी वाचून काढलं. खूप रडले. मग या सगळ्यांना वाचायला दिलं.”

“सगळ्यांना?”

“मी फक्त शेवट वाचला,” शिवतेज म्हणाला. “उगाच टेन्शन नको.”

“अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीत? मी आपला हिच्यासाठी, हिला वाईट वाटेल म्हणून ते कंटेनर, ते बोंबील...”

“बोंबील मस्त होते,” यशराज म्हणाला.

अक्षताने आजोबांच्या हातातलं पुस्तक अलगद काढून घेतलं. “तुम्हाला वाचवत नव्हतं ना आजोबा. घरी वाचताना तुम्ही थांबलात, ते मला जिन्यातून ऐकू आलं होतं. मग आम्ही ठरवलं, आजीचं पुस्तक आहे, आजोबांना थोडा वेळ देऊ.”

सर्दीचं नाव सांगायचंही आजोबांना सुचलं नाही.

अक्षताने शेवटचं प्रकरण उघडलं आणि नीट मांडी घातली.

“आज मी वाचते. तुम्ही नुसतं ऐका. आणि रडू आलं तर खुशाल रडा. तेव्हा सगळ्यांनी खिडकीबाहेर बघायचं, असं ठरलंय आमचं.”

आजोबांनी मान वर केली. तिने पहिली ओळही वाचली नव्हती, आणि सगळी सतरंजी आधीच खिडकीबाहेर बघत होती.