हिंगण्याचं मत

मनोहररावांनी फोन लावला आणि पलीकडून मनोहररावच बोलले.

"नियंत्रण केंद्र. मनोहरराव बोलून राहिलो."

मनोहररावांना याचं नवल वाटलं नाही. नियम त्यांचाच होता. पंच्याऐंशी साली नागपुरात विजेचा भार सांभाळायला दोन कॉम्प्युटर आले, एक चालू आणि एक राखीव, तेव्हा सगळी मांडणी त्यांनीच केली होती. चालू यंत्रानं दर मिनिटाला राखीवाला 'आहे' म्हणून कळवायचं. लागोपाठ तीन मिनिटं काही कळलं नाही, की राखीवानं ताबा घ्यायचा. नाव मात्र दोघांना एकच. उपकेंद्रांनी त्या नावानं हाक मारायची. ओ कोण देतो, याची चौकशी करायची नाही.

मांडणी इतकी झकास चालली की मनोहररावांनी ती माणसांनाही लावून टाकली. माणूस यंत्रापेक्षा लवकर बिघडतो, हे तीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्याला सांगावं लागत नाही. खुर्चीत जो बसेल त्यानं फोनवर 'मनोहरराव' म्हणायचं, बस. त्यांचा राखीव शालिकराम. नऊ वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून त्यानं साहेबांचे आकडे उचलले, सही उचलली, बोलण्याआधी घसा खाकरायची रीतसुद्धा उचलली.

वीस दिवसांपूर्वी छातीत कळ आली आणि मनोहरराव ऑफिसच्या जिन्यातच बसले. तिसऱ्या मिनिटाला शालिकराम खुर्चीत होता. एकाही उपकेंद्राला पत्ता लागला नाही. दवाखान्यात हे ऐकून मनोहररावांना अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी तो जरा कमी झाला, कारण भेटायला कोणी आलं नाही. येणार कसं? मनोहरराव तर रोज ऑफिसात दिसत होते.

काल ते हिंगणा रोडवरच्या क्वार्टरात परतले होते. आता खुर्ची परत हवी होती, आणि ती आजच मागावी असं का कोण जाणे, मन सांगत होतं.

"डॉक्टरनं फोन करू नका म्हणलं होतं, तरी काहून करून राहिले?" त्यांच्या पत्नीनं, सत्यवतीबाईंनी, गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, ती गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या आणि मग स्वयंपाकघरात गेल्या.

"शालिकराम," मनोहरराव म्हणाले, "मी घरून बोलून राहिलो. उद्यापासून येतो. खुर्ची रिकामी कर."

पलीकडे घसा खाकरला गेला. "कोण बोलून राहिलं?"

"अरे, मनोहरराव!"

"मनोहरराव तर मीच आहो."

"मजाक पुरे कर गा."

"मजाक नाही. दोन मनोहरराव झाले म्हणजे काय होते, तुमाले मालूम आहे ना?"

मालूम होतं. एक म्हणणार बंद कर, दुसरा म्हणणार चालू कर, आणि अर्धं शहर अंधारात. म्हणून तर त्यांनी शेवटचा नियम घातला होता. दोघंही 'मीच' म्हणू लागले, तर दोघांचंही ऐकायचं नाही. हिंगण्याच्या उपकेंद्रानं मत द्यायचं. ज्याच्याकडची माहिती ताजी, तो खरा. दुसऱ्याची वीज आधी तोडायची, म्हणजे तो मधेमधे बोलत नाही.

लाइन खात्याचीच होती. हिंगण्याचा ऑपरेटर कवडू तिच्यावर केव्हाचा ऐकत होता.

"कवडू!" मनोहररावांना हायसं वाटलं. "तू तरी सांग गा याले. तुले नोकरीवर मी लावलं."

"म्याच लावलं," दुसरा आवाज शांतपणे म्हणाला.

"दोघायचा आवाज सारखाच येऊन राहिला, साहेब," कवडू म्हणाला. "एकच इचारतो. माह्या पोरीचं नाव काय?"

"पोरगी? तुले पोरगी कधी झाली?"

"वच्छला," दुसरा आवाज म्हणाला. "गुरुवारी बारसं झालं. तुह्या आईनं मले दोनदा बुंदी वाढली."

कवडूनं उसासा सोडला. "साहेब, तुमची माहिती जुनी आहे जी."

"अरे, पण मी जिता आहो!"

"तसं तर दोघंही म्हणून राहिले."

"मी दवाखान्यात होतो! सत्यवतीले विचार! थांब, बोलावतो तिले..."

"नियम तुमचाच आहे जी," कवडू अगदी अदबीनं म्हणाला. "म्या काहून मोडू?"

डोक्यावरचा पंखा मंदावला. पाती आधी मोजता येऊ लागली, मग थांबली. शेजारच्या क्वार्टरातला रेडिओ मात्र चालूच होता. मनोहररावांनी हाक मारली. हाक त्यांना स्वतःलाही ऐकू आली नाही. रिसीव्हर हातातून सुटून टेबलाखाली लोंबत राहिला.

पदराला हात पुसत सत्यवतीबाई बाहेर आल्या. मनोहरराव वाटेतच उभे होते. त्या वळसा न घालता सरळ टेबलापाशी गेल्या, रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि पलीकडचा घसा खाकरल्यावर हसल्या.

"हो, मीच. आताच लाइट गेली पाहा... इथून फोन आला होता? नाही जी, इथून कोण करन? तुमी तिकडं ऑफिसात असल्यावर घरात दुसरं कोण असन?"